सांगलीची वेळ

१ सप्टेंबर १९९५, शुक्रवार

केतू आज बँकेत रुजू झाली. निघताना हातावर दही घालायचं म्हणून मी वाटी घेऊन दारात येते, तर वरची आधीच जिना उतरून हजर. माझ्या हातातून वाटी घेतली, चमचाभर साखर मागितली, कालवली आणि "लो बिटिया, दही-शक्कर खाके जाओ" म्हणत केतूच्या तोंडात घातलीसुद्धा. दही मी विरजलेलं, वाटी माझी, साखर माझ्या डब्यातली. घास मात्र तिच्या हातचा.

केतू नमस्काराला वाकली ती आधी तिला, मग मला, मग ह्यांना. हे म्हणतात, "ती दाराजवळ उभी होती म्हणून." दाराजवळ तिला कोणी उभं केलं होतं?

वरची म्हणजे मिसेस श्रीवास्तव. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर अकरा वर्षं. इथे तिचं नाव लिहिणार नाही. नुसतं वरची.

४ सप्टें., सोम.

केतू साडेसहाला आली. मी विचारलं, "दमलीस का ग?" तर म्हणे, "हाँ, थोड़ा." मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर. आता सवय झाली आहे, पण दर वेळी कुठेतरी टोचतंच.

आज दिवसभर डोसा आठवत होता. ह्यांच्या बदलीने आम्ही इथे उत्तरेत यायच्या आधीची गोष्ट. केतू आठ वर्षांची. मिरज स्टेशनसमोरच्या हॉटेलात दोघींत एक मसाला डोसा घेतला होता. मधला बटाट्याचा भाग तिला दिला, कडा मी खाल्ल्या. पोरगी हात धुता धुता म्हणाली, "आई, मी नोकरी करीन ना, तर पहिल्या पगारात तुला मोठ्या हॉटेलात नेईन. फक्त तू नि मी. बाबांना नाही न्यायचं."

चौदा वर्षं झाली. मी विसरलेली नाही. तिला आठवण करून देणार नाही. आपण आठवण करून दिली की त्यात राहिलं काय?

११ सप्टें.

वरचीने आज लौकीचे, म्हणजे दुधीचे कोफ्ते पाठवले. केतूने तीन पोळ्या खाल्ल्या. माझी भेंडी तशीच.

बोलायची सोय नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी दोन वर्षं सांगलीला काढली. ८९ ते ९१. केतूची अकरावी-बारावी, शाळा बदलायला नको म्हणून तिला इथेच ठेवलं. हे दिवसभर ऑफिसात नाहीतर लाइनवर. तिचा डबा, तिचं दुखणंखुपणं, परीक्षेतली जागरणं, सगळं वरचीने पाहिलं. पोटच्या पोरीसारखं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. चारचौघांत दोनदा म्हटलं आहे.

परत आले तर पोरगी माझी आमटी चाखून म्हणते, "आई, गुड़ ज़्यादा है." गूळ नेहमीएवढाच होता.

२१ सप्टें., गुरु.

आज शहरभर एकच धुमाकूळ. गणपती दूध पितोय म्हणे. शेजारपाजारचे सगळे चमचे घेऊन देवळात. हे म्हणाले, सरफेस टेन्शन आहे, काही नाही. मी तरी दार लावून घेतलं आणि आपल्या देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीसमोर चमचा धरला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एक थेंब कमी झाला नाही. हात अवघडला.

तेवढ्यात वरून आरडाओरडा. तिचा प्यायला.

वर्षानुवर्षं संकष्ट्या मी करते. चंद्र बघितल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. आणि हा वर जाऊन तिच्या चमच्यातून पितो. केतू ऑफिसातून आली ती तडक वर. खाली येऊन म्हणते, "सच में, आई, आधा चम्मच." मी म्हटलं सरफेस टेन्शन आहे.

३० सप्टें., शनि.

पगार झाला. मी सकाळीच मोरपंखी साडीला इस्त्री करून ठेवली होती. उगीच. कपाटात होती तशी परत घडी घालून ठेवली.

केतू आठला आली, अमीनाबादच्या बाजारातून, हातात पिशव्या. ह्यांना पेन. देवापुढे पेढे. मग एक पुडकं घेऊन वर गेली. मला दिसलंच. चिकन भरतकामाची साडी, फिकट जांभळी, बारीक जाळीचं काम. वरून "अरे बिटिया, काहे को" वगैरे.

खाली आल्यावर माझ्याकडे बघून हसली. "तुझं नंतर." हे मराठीत म्हणाली.

नंतर म्हणजे कधी? मत्सर वाटतो. लिहून टाकते, म्हणजे निदान कागदाला तरी खोटं बोलले नाही. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि साडीवरून नाही, त्या साडीच्या आधी-नंतरवरून जळते आहे.

३ ऑक्टो., दसरा

इथे आपटा मिळत नाही. दर वर्षी कचनारची पानं आणतो, तशीच जोडपानं असतात. केतूने मला सोनं दिलं, नमस्कार केला आणि म्हणाली, "आई, बारह तारीख को, गुरुवारी, आठ वाजता. हॉटेल. फक्त तू नि मी. बाबांना नाही न्यायचं."

अक्षरशः तेच शब्द. तिला आठवतंय. मी "बरं" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. श्रीखंडात वेलची दोनदा पडली.

दुपारी कॅलेंडर बघितलं. भाऊ दर डिसेंबरला सांगलीहून पाठवतो ते. बारा तारखेला संकष्टी. चंद्रोदय सांगली ८.४९.

सगळं मुसळ केरात. आठ वाजता हॉटेलात जाऊन करायचं काय? आणि मुख्य म्हणजे, माझी संकष्टी तिच्या ध्यानातही नाही. बावीस वर्षं बघते आहे पोरगी.

सांगितलं नाही. तिचं तिला आठवू दे.

७ ऑक्टो.

केतू नि वरची दोघी अमीनाबादला. बाराला वरचीचा करवा चौथ. पाण्याचा मातीचा करवा, बांगड्या, चंद्र बघायची छलनी, काय काय आणलं. केतूने यादी केली होती म्हणे, "आंटी भूल जाती हैं ना." म्हणजे आंटीचा उपास लक्षात आहे, यादीसकट. आणि त्याच दिवशी आईचाही असतो, ते नाही.

हे म्हणाले, "अग, सांगून टाक ना तिला. दिवस बदलेल."

नाही सांगणार. मी ठरवलं आहे. जायचं. मोरपंखी नेसायची. टेबलावर बसायचं आणि ८.४९ पर्यंत पाण्यालाही शिवायचं नाही. ती विचारील, आई, खात का नाहीस? मग सांगीन. चेहरा कसा होतो ते बघायचं आहे मला.

वाचताना माझीच मला लाज वाटते आहे. तरी बदलणार नाही.

११ ऑक्टो., बुध.

संध्याकाळी वरून तळणीचा वास. वाटीभर पीठ मागायला म्हणून गेले तर दारातच दोघी गप्प झाल्या. केतूच्या कोपरापर्यंत पीठ. वरची म्हणे, "आइए भाभीजी, बैठिए," पण स्वतः दारात आडवी उभी. ओट्यावर टॉवेल टाकलेला. मला न कळण्यासारखं त्या दोघींत काय असतं?

जिन्यावरून उतरताना आठवलं, पीठ मागायचं राहिलंच.

१२ ऑक्टो., गुरु., सकाळी

उपास. चहासुद्धा नाही. केतू नाश्ता न करता गेली, "देर हो रही है आई." नेहमीचंच.

वरची पहाटे चारला उठून काहीबाही खाऊन आता दिवसभर पाण्याविना. लाल साडी नेसून गॅलरीत मिरवते आहे. हे म्हणतात, "बघ, तुम्हा दोघींना आज एकाच चंद्राची वाट." मी म्हटलं, एक कसा? त्यांचं पंचांग वेगळं. आपला आश्विन तर त्यांचा कार्तिक. दर वर्षी तिच्या थाळीचा आवाज माझ्या चंद्राच्या कितीतरी आधी ऐकू येतो.

हे काहीतरी बोलणार होते. मग पेपर उघडला.

१३ ऑक्टो., शुक्र., सकाळी

काल लिहिवलं नाही. आता क्रमाने लिहिते.

निशातगंजच्या बाजूला नवीन हॉटेल. चौथ्या मजल्यावर उघडी गच्ची, टेबलांवर पांढरे कपडे, कुंड्या, दिव्यांच्या माळा. लाल साड्यांतल्या बायका नवऱ्यांबरोबर आलेल्या, छलन्या टेबलावर. मी मोरपंखीत. केतूने निळा पंजाबी घातला होता आणि ऑटोत बसल्यावर माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

वेटर अदबीने पुढे आला. "आइए मैडम, वही पूरब वाली मेज़ रखी है, जो आपने कही थी."

म्हणजे ही इथे आधी येऊन गेली होती. मी खुर्ची ओढायच्या आधीच विचारलं, "कोणाबरोबर आली होतीस?"

"आंटी के साथ. टेबल बघायला."

"काही खाल्लंत?"

"चाय पी बस, आई."

चहा. म्हणजे या हॉटेलातला पहिला घोटही तिच्याबरोबर. चौदा वर्षं मी जपून ठेवलेलं, आणि ती पेल्यानिशी उष्टं करून गेली. मी तोंडाने "छान आहे हो जागा" म्हटलं.

वेटर निघाला तशी केतूने पर्समधून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. मोदक. अकरा, तळलेले.

"तुझी संकष्टी ना. घरी केले असते तर तुला कळलं असतं, म्हणून आंटीकडे केले. बिना प्याज़-लहसुन का खाना बोलून ठेवलंय. चंद्र बघ, नैवेद्य दाखव, मग जेवू."

तर आठवण होती. पहिल्यापासून होती. तारीखच त्यासाठी निवडलेली. इथे माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. मला मोदकाच्या कळ्या दिसत होत्या. कळ्या नव्हत्याच त्या, गुजियाला, म्हणजे त्यांच्या करंजीला घालतात तशी मुरड होती, काठाकाठाने. वरचीची मुरड. सारण माझं, खोबरं-गूळ-वेलची, आणि बंद केलेलं तिच्या बोटांनी.

म्हटलं, "मोदकाला कळ्या असतात."

केतू म्हणाली, "मला येत नाहीत. तू घरी नव्हतीस शिकवायला." भांडणाच्या सुरात नाही. नुसतंच.

तेवढ्यात गच्चीवर खुर्च्या सरकल्या. बायका उठून कठड्याशी गेल्या. लांब झाडांच्या वर तांबूस चंद्र. घड्याळात आठ दहा.

केतूने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. "आई, निकल आया. अर्घ्य दे."

मी म्हटलं, "अजून वेळ आहे. ८.४९."

"आई, समोर दिसतोय."

"त्यांचं पंचांग वेगळं."

"पंचांग वेगळं असेल, चाँद तो एक ही है ना. ८.४९ सांगलीची वेळ आहे, आई. इथे लवकर उगवतो. आपण कितीतरी पूर्वेला आहोत."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी आमच्या अंगणात पूर्वेला पाण्याची टाकी आणि कडुनिंब. कॅलेंडरच्या वेळेला मी ताट घेऊन जाते आणि चंद्र टाकीच्या कडेला असतो. मला वाटायचं, आत्ताच उगवला.

"तुला कोणी सांगितलं? तिनेच ना?"

"मला माहीत आहे. केव्हापासून."

"आणि तिलाही माहीत आहे?"

केतू डब्याचं झाकण लावत बसली. म्हणजे आहे. अकरा वर्षं मी खाली उपाशी बसायची, आणि वरची आपलं पाणी पिऊन, जेवून, माझ्या दिव्याकडे बघत असणार. कीव करत असणार. केतूच्या देखत. त्या विचाराने माझा जो भडका उडाला त्यापुढे समोरचा चंद्र काय, कोणीच दिसेना.

म्हटलं, "मी ८.४९ लाच सोडणार. तुला जेवायचं तर जेव."

ती जेवली नाही. मला वाटलं, फुरंगटली. वेटरने जेवण आणून ठेवलं. पनीर, दाल, रुमाली रोटी, तिने ठरवून ठेवलेलं सगळं. आजूबाजूच्या बायका नवऱ्यांच्या हातून पाणी पिऊन हसतखिदळत जेवत होत्या. वेटर दोनदा आला, "मैडम, गरम करवा दूँ?" केतू दोन्ही वेळा म्हणाली, "अभी नहीं भैया. थोड़ा टाइम है." चाळीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो. तिने एकदाही घड्याळ बघितलं नाही. मी बघत होते.

८.४९ ला उठले, अर्घ्य दिलं, मोदक दाखवला. मग जेवलो. रोटी वातड झाली होती. चांगलं होतं सगळं, म्हणजे गरम असताना असणार.

शेवटी गोडाला शाही टुकडा मागवला, दुधात भिजवलेला तळलेला पाव, एकच, दोन चमचे. तिने चमच्याने कापला. मधला मऊ भाग माझ्याकडे सरकवला, कडा स्वतः खाल्ल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आत्ता लिहिताना आलं.

१४ ऑक्टो., शनि.

केतू ऑफिसला गेल्यावर वरची खाली आली. हातात माझीच वाटी, त्या दिवशीची दह्याची. म्हणाली, "कैसा रहा भाभीजी? बिटिया तो बेचारी भूखी ही दौड़ गई थी ऑफिस."

मी म्हटलं, भूखी का?

"अरे, व्रत था न उसका. आपवाला, चौथ का."

मला माहीतच नव्हतं. म्हणजे परवा ती चाळीस मिनिटं फुरंगटून बसली नव्हती. दिवसभर माझ्यासारखीच उपाशी होती, आणि माझ्यासाठी आणखी थांबली.

वरची बसली. बोलत राहिली. मी थांबवलं नाही, थांबवायला हवं होतं. म्हणाली, तुम्ही सांगलीला होतात ती दोन वर्षं केतूने एक चतुर्थी सोडली नाही. आमच्याच छतावर. "मैं कहती, बिटिया चाँद निकल आया, अब तो खा लो. कहती, नहीं आंटी, अभी वहाँ नहीं निकला. मम्मी ने अभी नहीं खाया होगा. थाली लिए बैठी रहती, आपके कैलेंडर का टाइम देखके. तब खाती."

अभी वहाँ नहीं निकला.

सोळा वर्षांची होती. मला कधी पत्रात लिहिलं नाही. मी तिकडे सासूबाईंना भरवून अंगणात यायची, चंद्र बघायची, घाईघाईने चार घास खायची आणि झोपायची. ती इथे ताट धरून.

वरचीचे डोळे भरले होते. माझे नाही. मी विचारत होते, ही गोष्ट तिच्याकडे का? केतूची ती दोन वर्षं, ते ताट, ते वाट बघणं, सगळं माझ्यासाठी होतं ना? मग बघायला ती कशी? मला माझी वस्तू दुसऱ्याच्या घरून ऐकायला लागली. आता जन्मभर जेव्हा जेव्हा मला हे आठवेल, तेव्हा त्यात ती असणार, छतावर, बाजूला.

चहाही विचारला नाही मी तिला. गेली.

१५ ऑक्टो.

केतूला जवळ घेऊन विचारायचं होतं. विचारलं, "पोळीला तूप लावू?"

म्हणाली, "हाँ." मग म्हणाली, "फिर चलेंगे आई, कभी. गरम-गरम खाऊ."

मी मान हलवली. मला सॉरी म्हणायला जमत नाही. माझ्या आईला तरी कुठे जमलं.

१८ ऑक्टो.

ह्यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"चंद्र."

पेपरमागून म्हणाले, "रेल्वेत आहे मी. रेखांश कळतात."

"मग अकरा वर्षं बोलला नाहीत?"

"एकदा सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. तू म्हणालीस, कॅलेंडरवाले मूर्ख आहेत का?"

खरंच म्हटलं असेन. वर हिशोब करून दाखवला, कुठल्या महिन्यात फरक जास्त, कुठल्या महिन्यात कमी. सगळे मिळून साधारण पन्नासेक तास मी उगीच उपाशी होते. "उगीच" म्हणाले. मी म्हटलं, त्यातली निदान चाळीस मिनिटं एकटी नव्हते.

२४ ऑक्टो., मंगळ.

काल लक्ष्मीपूजन झालं. आज सूर्यग्रहण. सगळी कॉलनी एक्स-रेच्या फिल्मा घेऊन वरच्या छतावर. केतूने जिन्यातून हाक मारली. वरचीनेही मारली, "भाभीजी, आइए न." गेले नाही. भांडी घासत बसले, सकाळीच अंधारून आलं, पाखरं गप्प झाली.

अकरा वर्षांत मी त्या छतावर एकदाही चढलेली नाही. छत सगळ्यांचं आहे, पण जिना तिच्या दारावरून जातो.

२ नोव्हें., गुरु.

केतूची ऑर्डर आली. बरेली. तेरा तारखेला हजर व्हायचं.

हे म्हणाले, जवळच आहे, चार-पाच तास. ह्यांची रिटायरमेंट पुढच्या जूनमध्ये. मग आम्ही सांगलीला. ते मात्र जवळ नाही.

केतूने बातमी आधी मला सांगितली. ऑफिसातून फोन करून. वरचीकडे फोन नाही, तरी पण. आधी मला.

७ नोव्हें.

तिची बॅग भरते आहे. लाडू, चटणी, दोन पुड्या मेतकूट. वरून लोणच्याची बरणी आली. दोन्ही मावत नाहीत. बरणी काढली. परत घातली. मेतकुटाची एक पुडी कमी केली.

भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आली केतू. "आई, १० को है ना तेरी चतुर्थी?" मी म्हटलं, हो. "घरीच करू. मैं भी रखूँगी." पहिल्यांदा मला सांगितलं तिने. मी विचारलं, मोदकाच्या कळ्या शिकतेस? बसली. बारा फुटल्या, तेरावी जमली. मुरड घालायला तिची बोटं आपोआप वळतात, मी दर वेळी हात धरून सोडवते. एकदा माझा हात जरा जोरात पडला. "आई, दुखता है," म्हणाली.

१० नोव्हें., शुक्र., संध्या. ७.१५

उपास. दोघींचा.

मोदक एकवीस. वीस कळ्यांचे, एक मुरडीचा. तो एक केतूने केला, मी बघितलं आणि काढून टाकला नाही.

कॅलेंडर म्हणतं ८.१०. हे म्हणतात, इथे साडेसातच्या आसपास. अंगणात टाकीमागे अजून अंधार आहे.

वरची दुपारी निरोप देऊन गेली, "भाभीजी, आज तो छत पर. बिटिया की आख़िरी चौथ है यहाँ." आख़िरी म्हणे. जसं काही तिच्या घरून सासरी निघाली आहे.

केतू दहा मिनिटांपूर्वी ताम्हन आणि पाण्याचा तांब्या घेऊन वर गेली. दारातून म्हणाली, "मी पुढे होते. तू मोदक घेऊन ये." उत्तराला थांबली नाही.

वरून दोघींचं बोलणं ऐकू येतं आहे. शब्द कळत नाहीत. हसतात मधूनच.

ताट तयार आहे. मोदक, फूल, निरांजन. दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. इथेच थांबले तर ८.१० ला टाकीच्या कडेला चंद्र येईल, माझा नेहमीचा. केतू खाली येईल का? की वर बसून राहील ताम्हन घेऊन, आणि वरची म्हणेल, खा लो, आणि ती म्हणेल

नाही. तसं तिला आता पुन्हा म्हणायला लावायचं नाही.

पण पायऱ्या चढून तिच्या दारावरून जायचं, आणि ती म्हणणार "आइए आइए," जागा करून देणार, मला, माझ्याच मुलीशेजारी.

७.२८. केतूची हाक आली. "आई."

ठरवलं आहे, एका हाकेला जाणार नाही. एक हाक आंटीच्या सांगण्यावरूनही मारली असेल. दुसरी आली तर